हॉर्नबीच्या नावाने मेळावा : मेकॅनोविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या लिंकनशर किनाऱ्यावर स्केगनेस नावाचे गाव आहे. दर उन्हाळ्यात नॉर्थ मिडलंड्स मेकॅनो गिल्ड तिथे ‘स्केगेक्स’ हे मेकॅनोचे प्रदर्शन भरवते आणि जगभरचे हौशी लोक आपापली मॉडेले घेऊन येतात. मेकॅनो म्हणजे भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाके आणि गिअर नट-बोल्टने जोडून यंत्रांची मॉडेले बांधायचा खेळ. तसाच, पण लहान मेळावा आपल्याकडे भरवायचा आहे अशी पत्रे यंदा आली आणि त्यांच्या जोडीने जुन्या संचांविषयीच्या शंकाही आल्या. निवडक प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत.

आम्ही बारा जण आहोत. मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याच्या स्मरणार्थ एका दिवसाचा मेळावा भरवायचा आहे. तारीख कोणती धरावी? हॉल, टेबले, वीज यांचा हिशेब कसा करावा? (ठाणे)

तारखा दोन आहेत. हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला आणि त्याच्या पहिल्या पेटंटची तारीख ९ जानेवारी १९०१ आहे. जानेवारीत हवा कोरडी असते, धातूला ते मानवते. तरीही आमचे मत १५ मेच्या बाजूने आहे, कारण शाळांना सुट्टी असते आणि मुले आली नाहीत तर हॉर्नबीचे नाव घेण्याला फारसा अर्थ उरत नाही. ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने त्याने पहिले संच विकले तेव्हा त्यांत १६ प्रकारचे भाग होते, आणि ते त्याने मुलांसाठीच केले होते. मे महिन्यात घामाच्या हातांचा त्रास होतो, म्हणून प्रत्येक टेबलावर कोरडे सुती फडके ठेवा आणि निकेलचे भाग रात्री घरी गेल्यावर पुसून घ्या.

स्केगेक्सची एक गोष्ट जरूर उचलावी. तिथे मॉडेल चालते आणि ते बांधणारा माणूस टेबलामागे उभा राहून विचारेल त्याला उत्तर देतो. तिथल्या उत्तम मॉडेलला ‘इसिगोनिस शील्ड’ मिळते. मिनी मोटारीचा आराखडा करणारे सर ॲलेक इसिगोनिस यांच्या नावाचा तो मान आहे. तुम्ही काचेच्या कपाटांत बंद डबे मांडून भाषणे ठेवलीत तर लोक अर्ध्या तासात निघून जातील. सत्काराचा भाग पंधरा मिनिटांत आटपा आणि बाकी दिवस यंत्रे फिरू द्या.

बारा जणांना ६ फूट लांब, अडीच फूट रुंद अशी चौदा टेबले लागतील: प्रत्येकी एक, मोठ्या क्रेनसाठी एक जादा आणि मुलांसाठी एक. टेबले तीन भिंतींलगत इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी लावा, मागे उभे राहायला ३ फूट जागा सोडा आणि मुलांचे टेबल मधोमध ठेवा. समोरून माणसांना दोन्ही दिशांनी जाता यावे म्हणून मोकळी वाट निदान ६ फूट हवी. या हिशेबाने ३० बाय ४० फुटांचा हॉल पुरतो. लग्नाच्या हॉलमधली घडीची टेबले डुगडुगतात आणि उंच क्रेनचा बूम, म्हणजे लांब हात, त्यावर हेलकावे खातो, तेव्हा क्रेनच्या टेबलावर १२ मिमीचे प्लायवुड टाका आणि पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून ते समतल करा. टेबलक्लॉथ फिकट, एकरंगी आणि सुळसुळीत घ्या. भरतकामाचे किंवा लव असलेले कापड नको, कारण त्याचे तंतू गिअरमध्ये जातात. गडद कापडावर पडलेला ग्रबस्क्रू, म्हणजे चाक दांडीवर पक्के करणारा बिनडोक्याचा बारीक स्क्रू, पुन्हा हाती लागत नाही.

विजेचा भार किरकोळ असतो. २० व्होल्टची जुनी मोटर साधारण १ अँपिअर घेते, म्हणजे ३० व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर टेबलामागे एक पुरे. बारा टेबलांचा एकूण भार ४०० वॅटच्या आत राहतो आणि ६ अँपिअरच्या एका लाइनवर तो सहज भागतो. धोका भाराचा नसून वायरींचा आहे. वायरी भिंतीकडूनच न्या, वाटेत एकही आडवी येऊ देऊ नका आणि सगळे एक्स्टेन्शन बोर्ड आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या पॉइंटवरूनच घ्या. जुन्या मोटरी सलग चालवू नका. दहा मिनिटे चालवून पंधरा मिनिटे विश्रांती द्या. टेबलांचे दोन गट पाडून आळीपाळीने चालवलेत की पाहणाऱ्याला कधीच सगळे बंद दिसत नाही.

मुलांच्या टेबलावर जुने संच ठेवू नका. रंग उडतो, आणि जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. बाजारात मिळणारे नवे संच आणा. एका मुलाला ११ भोकांच्या ४ पट्ट्या, ५ भोकांच्या ६ पट्ट्या, एक कडा दुमडलेली प्लेट, साडेतीन इंची २ दांड्या, ४ चाके, २० बोल्ट आणि २५ नट एवढे एका ताटलीत दिले की अर्ध्या-पाऊण तासात हातगाडी उभी राहते. पाच नट जादा दिले आहेत ते हरवण्यासाठीच. सहा वर्षांखालच्या मुलाला आईवडील शेजारी असल्याशिवाय बसवू नये, नट गिळला जाण्याची भीती असते.

आमच्या फलकावर ‘निर्माते’ म्हणून कोणाकोणाची नावे लिहावीत? सगळीकडे एकट्या हॉर्नबीचेच नाव दिसते. (नाशिक)

हॉर्नबी पहिला, यात वाद नाही. पट्ट्यांना ठरावीक अंतरावर भोके पाडली की तीच पट्टी आज पूल आणि उद्या क्रेन होते, ही कल्पना त्याची. पण त्याच्याकडे भांडवल नव्हते. तो लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या डेव्हिड एलियट यांच्याकडे नोकरी करत होता. एलियट यांनी त्याला जागा दिली, पैसे दिले आणि ते भागीदार झाले. दुसरे नाव प्राध्यापक हेन्री सेल्बी हेली-शॉ यांचे. लिव्हरपूलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते अभियांत्रिकी शिकवत आणि या खेळण्यामागे यंत्रशास्त्र आहे असा त्यांचा अभिप्राय हॉर्नबीच्या फार उपयोगी पडला. ‘मेकॅनो’ हे नाव १९०७ मध्ये नोंदवले गेले आणि पुढच्या वर्षी मेकॅनो लिमिटेड ही कंपनी उभी राहिली.

यानंतर आम्ही फलकावर एक ओळ हमखास लिहू: लिव्हरपूलमधल्या बिन्स रोड कारखान्यातील कामगार. १९१४ पासून ३० नोव्हेंबर १९७९ रोजी कारखाना बंद होईपर्यंत तुमच्या हातातली बहुतेक इंग्लिश पट्टी, गिअर आणि डिंकी मोटार (मेकॅनो कंपनीचीच ओतीव धातूची खेळण्यातली मोटार) तिथेच घडली. या कामगारांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांची नावे फलकावर लिहिता येत नाहीत, पण पाच दशकांपूर्वी डाय-प्रेसमधून निघालेली पट्टी आजच्या पट्टीवर ठेवली की भोकावर भोक येते, ती करामत त्यांची आहे. मॅंचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी १९३४ मध्ये मेकॅनोचे भाग वापरून समीकरणे सोडवणारे यंत्र, म्हणजे डिफरन्शियल ॲनालायझर, बांधले ते याच नेमकेपणाच्या भरवशावर. त्या यंत्राचे छायाचित्र फलकावर लावा, लोक थांबून पाहतात.

आजोबांच्या पेटीत निकेलच्या, लाल-हिरव्या आणि निळ्या-सोनेरी अशा सगळ्याच पट्ट्या आहेत. कोणत्या काळच्या आहेत हे कसे ओळखावे? (सांगली)

रंगांवरून ढोबळ काळ कळतो. १९२६ पर्यंत निकेलचा मुलामा. १९२६ पासून लाल-हिरवा. १९३४ पासून निळा-सोनेरी, त्यात निळ्या प्लेटांवर सोनेरी रेघांची जाळी असते. महायुद्धानंतर १९४५ पासून पुन्हा लाल-हिरवा, १९५८ पासून तोच रंग फिकट छटेत. १९६४ मध्ये पिवळा, काळा आणि चंदेरी आला. १९७० पासून पिवळा-निळा आणि जस्ताच्या मुलाम्याच्या पट्ट्या.

घोटाळा होतो तो युद्धापूर्वीच्या आणि युद्धानंतरच्या लाल-हिरव्यात. त्यासाठी पेटीत हाताने वाकवता येणाऱ्या पातळ प्लेटा आहेत का ते पाहा. त्या १९३४ च्या सुमारास आल्या, त्यामुळे लाल-हिरव्या पातळ प्लेटा असतील तर पेटी बहुधा युद्धानंतरची. चाकांच्या पितळी बोळ्याला (दांडीवर बसणाऱ्या मधल्या भागाला) ग्रबस्क्रूचे भोक एकाच बाजूला असेल तर चाक जुने. समोरासमोर दोन भोके ही पद्धत १९२०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. सर्वांत भरवशाचा पुरावा मात्र माहितीपुस्तिका. तिच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आकडे असतात, आणि त्यांतला मधला गट बहुतेकदा महिना-वर्ष सांगतो: ११५४ असेल तर नोव्हेंबर १९५४.

एका भागावरून निकाल देऊ नका. घरोघरी दर वाढदिवसाला थोडी थोडी भर पडत गेली आहे, आणि तुमच्या पेटीत तीन रंग आहेत ते त्यामुळेच. रंगांनुसार वेगळे करून तीन पेट्या बनवण्याचा मोह होईल, तो टाळा. तीन पिढ्यांनी भरलेली पेटी आहे तशी ठेवणे आणि मेळाव्यात तशीच मांडणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

हार्डवेअरच्या दुकानातून ४ मिमीचे नट आणले. जुन्या मेकॅनोच्या बोल्टवर दोन फेरे जातात आणि अडकतात. नट खराब आहेत का? (कोल्हापूर)

नट चांगले आहेत. आटे वेगळे आहेत. जुन्या मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंच व्हिटवर्थ (आट्यांचे जुने इंग्लिश माप) असून त्याला इंचाला ३२ आटे असतात. ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिमी, त्यामुळे तो ४ मिमीच्या बोल्टासारखाच दिसतो. पण त्याच्या दोन आट्यांतले अंतर ०.७९ मिमी आहे आणि मेट्रिक एम-४ चे ०.७ मिमी. शिवाय व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. दर आट्याला जवळजवळ ०.१ मिमीचा फरक पडत जातो, म्हणून पहिला फेरा जातो, दुसरा घट्ट होतो आणि तिसऱ्याला नट अडकतो. पाना लावून पुढे रेटलात तर बोल्टाचे आटे कापले जातात आणि तो बोल्ट कायमचा वाया जातो.

ओळखायची सोपी खूण अशी. खात्रीचा जुना बोल्ट आणि संशयित बोल्ट शेजारी धरा, दोघांचे आटे एकमेकांत बसवा आणि खिडकीच्या उजेडासमोर पाहा. जात एक असेल तर मध्ये उजेडाची फट दिसत नाही. जात वेगळी असेल तर एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाला फट पडते.

वापराचा नियम: एम-४ चा बोल्ट एम-४ च्याच नटाबरोबर जोडीने वापरलात तर जुन्या पट्टीत काही बिघडत नाही, कारण पट्टीची भोके दोन्ही बोल्टांना पुरतात. अडचण चाकांच्या आणि गिअरच्या पितळी बोळ्यांत आहे. तिथे ५/३२ व्हिटवर्थचाच ग्रबस्क्रू लागतो. बोळ्यात एम-४ चा टॅप (आतले आटे पाडायचे हत्यार) फिरवून ‘दुरुस्त’ केलेले गिअर विकायला येतात. ते घेऊ नका आणि स्वतःही तसे करू नका. एका बाजूचे आटे गेले असतील तर समोरच्या भोकात ग्रबस्क्रू लावा. आट्यांत फक्त मळ असेल तर ५/३२ इंच, ३२ आट्यांचा टॅप शोधा. कोल्हापूरसारख्या लेथ-फाउंड्रीच्या गावात जुन्या हत्यारांच्या दुकानांत चौकशी करून पाहा. तेलाचा एक थेंब टाका, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे हातानेच फिरवा. दोन जातींचे नट-बोल्ट एकाच डब्यात कधीही ठेवू नका.

दुसऱ्या बनावटीची पट्टी मेकॅनोशी जुळते का हे पाहायचे असेल तर ११ भोकांची पट्टी घ्या आणि पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. १२७ मिमी भरले तर जुळते, कारण भोकांतले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते.

पावसाळ्यानंतर पट्ट्यांवर गंज चढला. व्हिनेगरमध्ये बुडवू का? (रत्नागिरी)

थांबा. आधी मुलामा कोणता ते पाहा. जस्ताचा मुलामा, म्हणजे १९७० नंतरच्या करड्या चकचकीत पट्ट्या, व्हिनेगरमध्ये विरघळतो आणि खालचे पोलाद उघडे पडते. रंगीत पट्टीवर आम्ल रंगाच्या कडेखाली शिरते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. निकेलवर गंज दिसतो तो निकेलच्या बारीक छिद्रांतून वर आलेला पोलादाचा गंज असतो. तो मऊ फडक्यावर शिलाई मशीनचे तेल घेऊन हलकेच घासला, रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी पुसला की बराचसा निघतो. काळे डाग राहतात, ते राहू द्या. तारेच्या घासणीने किंवा पॉलिश पेपरने निकेल गेले की परत येत नाही.

आम्लाचा उपाय फक्त मुलामा आणि रंग दोन्ही गेलेल्या उघड्या पोलादी भागांसाठी. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, भाग २० मिनिटे बुडवा, दर पाच मिनिटांनी बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासा. पितळी गिअर त्याच भांड्यात टाकू नका. पितळेतले तांबे सुटून पोलादावर गुलाबी थर बसतो. मग चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या लिटरभर पाण्यात खळबळा, साध्या पाण्याने धुवा आणि हेअर ड्रायरने लगेच सुकवा. ओला भाग हवेत ठेवलात तर दहा मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. सुकल्याबरोबर तेलाचा हात फिरवा. खोबरेल तेल नको, ते चिकट होते आणि धूळ धरते.

कोकणात साठवण हाच खरा उपाय. झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे जेल घ्या, म्हणजे ओले झालेले कळते आणि मंद ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागदाचे आम्ल आणि शाई दोन्ही धातूला लागतात. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या तर अजिबात नकोत, त्या रंगाला चिकटतात. रबरी टायर चाकांवरून काढून वेगळे ठेवा. रबर रंगाला डाग पाडते आणि स्वतःही चाकावर ताणलेले राहून तडकते.

५० आणि २५ दातांची जोडी एक इंचावर लावली की खडखडते, ५७ आणि १९ ची जोडी मात्र छान चालते. चूक कुठे आहे? (पुणे)

तुमची चूक नाही, गणितच तसे आहे. मेकॅनोचे गिअर ३८ डायमेट्रल पिचचे, म्हणजे दर इंच व्यासामागे ३८ दातांचे असतात. दोन आसांतले योग्य अंतर काढायला दोन्हींच्या दातांची बेरीज करून ७६ ने भागा, उत्तर इंचांत येते. ५७ अधिक १९ म्हणजे ७६, म्हणून बरोबर १ इंच. ५० अधिक २५ म्हणजे ७५, म्हणून अंतर ०.९८७ इंच हवे. भोके मात्र पूर्ण इंचावर आहेत. दात सुमारे ०.३ मिमी दूर राहतात, म्हणून आवाज. २:१ चे गुणोत्तर भोकांच्या अंतरात बसवण्यासाठी केलेली ही तडजोड आहे. क्रेनच्या हळू फिरणाऱ्या भागात ती खपते, घड्याळात किंवा जोरात फिरणाऱ्या मोटरशेजारी ती टाळा.

उरलेल्या जोड्या याच सूत्राने तपासा. ९५ आणि १९ दीड इंचावर बसतात, १३३ आणि १९ दोन इंचांवर, ५७ आणि ५७ दीड इंचावर, १९ आणि १९ अर्ध्या इंचावर. सगळ्या नेमक्या.

जोडी बरोबर असूनही मॉडेल जड फिरत असेल तर दोष बहुधा चौकटीत असतो. मेकॅनोची दांडी ४.०६ मिमीची असते आणि पट्टीच्या भोकात तिला फार थोडी मोकळीक मिळते. तीन आधारांतून जाणारी दांडी त्यांतला एक जरी तिरका असला तरी घट्ट होते. म्हणून आधी चौकटीचे सगळे बोल्ट ढिले ठेवा, दांडी सर्व आधारांतून घाला, बोटांनी फिरवत राहा आणि मधल्या बोल्टापासून बाहेरच्या दिशेने एकेक आवळा. ज्या बोल्टाला फिरणे जड होते तिथेच दोष आहे. दांडी वाकडी आहे का हे आरशाच्या काचेवर लोळवून पाहा, खाली फट उघडझाप करत असेल तर ती वाकडी. कॉलर (दांडी सरकू नये म्हणून तिच्यावर घट्ट करायची कडी) लावताना ती आणि पट्टी यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी जागा सोडा. पेचकसाचे पाते ग्रबस्क्रूच्या खाचेइतकेच रुंद हवे. अरुंद पात्याने खाच फाटते, आणि मेळाव्याच्या दिवशी चाक सैल होते ते अशाच स्क्रूमुळे.

एका जुन्या मोटरीवरचा व्होल्टेजचा छाप पुसला गेला आहे. सुरू करून पाहावी का? (नागपूर)

भिंतीच्या प्लगमध्ये नाही, कधीच नाही. युद्धापूर्वी काही मोटरी घरच्या वीजदाबावर, मध्ये बल्ब जोडून चालवायच्या होत्या. त्यांची उघडी टोके आणि सुकलेले इन्सुलेशन आज जीवघेणे आहे. तशी मोटर फक्त पाहण्यासाठी मांडा आणि तिच्या वायरी काढून टाका.

इतर मोटरींसाठी मल्टिमीटरने टोके आणि लोखंडी सांगाडा यांच्यातला रोध मोजा. आकडा मेगओहमच्या आत आला तर इन्सुलेशन गेले आहे. आकडा ठीक असेल तर ६ व्होल्टपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. चुंबकाऐवजी तारेची फील्ड कॉइल असलेली २० व्होल्टची मोटर १२ व्होल्ट डीसीवरही चालते, आणि मेळाव्यात तेच बरे. वेग कमी, उष्णताही कमी. ठिणग्या जास्त दिसल्या तर कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या फिरत्या तांब्याच्या भागावर, काळा थर आहे. कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुसा. तेल फक्त दोन्ही टोकांच्या बेअरिंगला, एकेक थेंब. ब्रशला तेल लागले की मोटर चालणे बंद.

चावीच्या मोटरीची स्प्रिंग पूर्ण गुंडाळून वर्षभर ठेवू नका. साठवताना ती उतरवून ठेवा. वर्षानुवर्षे चालवलेली नसेल तर पहिल्यांदा दोन-तीनच पीळ द्या आणि चेहरा दूर ठेवा, जुनी स्प्रिंग तुटताना जोरात सुटते.

तीन फुटी क्रेन गाडीतून नेली की निम्मे बोल्ट ढिले होतात. (डोंबिवली)

धक्क्यांनी नट सुटतात. प्रत्येक नटाखाली वॉशर टाका, आणि जिथे भाग फिरता हवा तिथे दोन नट एकमेकांवर आवळा: आतला नट पट्टीला जेमतेम टेकेल असा, तो पान्याने धरून बाहेरचा त्यावर घट्ट. डिंक लावू नका. बूम, बुरूज आणि गाडा असे तीन भाग वेगवेगळे न्या, वजने काढून स्वतंत्र डब्यात ठेवा, दोरी रिळावर गुंडाळून कागदी टेपने बांधा. सोबत ५० बोल्ट, ६० नट, १५ ग्रबस्क्रू, १२ कॉलर, दोन पाने, दोन पेचकस आणि चार मीटर दोरी घ्या. नायलॉनची दोरी पुलीवरून घसरते, बारीक विणलेली सुती दोरी बरी.

माझ्या जुन्या डिंकी मोटारीला भेगा पडून ती फुगली आहे. शेजारच्या मोटारींना लागण होईल का? (पणजी)

लागण होत नाही. १९३४ पासून ‘डिंकी टॉइज’ या नावाने मेकॅनो लिमिटेडच या मोटारी बनवी. युद्धापूर्वीच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धता राहिली असेल तर धातूच्या कणांच्या सीमेवर तो आतून गंजतो, फुगतो आणि तडकतो. दोष ओतकामाच्या दिवशीच आत गेलेला असतो, त्यामुळे एकाच कपाटातली एक मोटार ढासळते आणि दुसरी शंभरी गाठते. उपाय नाही. गरम दमट हवेत तो वेग घेतो, म्हणून थंड कोरडी जागा निवडा. रंग काढू नका, तोच तिला धरून असतो. तडकलेली मोटार मेळाव्यात हाताळायला देऊ नका, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवून मांडा.

गोव्यात किंवा मुंबईत जुनी मोटार हाती आली तर खालचा पत्रा वाचा. ‘निकी’ असे नाव असेल तर ती कोलकात्यात, डिंकीच्या वापरून झालेल्या साच्यांवरून, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बनलेल्या मालिकेतली आहे. ओतकाम जरा खडबडीत असते, पण आपल्याकडच्या संग्रहात तिला मानाची जागा हवी.

वडिलांनी मुंबईत घेतलेला फिकट लाल-हिरवा संच माझ्याकडे आहे. स्केगनेसला किंवा पुढे भारतातल्या मेळाव्यात मांडण्याआधी तो नव्याने रंगवून घेऊ का? (लेस्टर, इंग्लंड)

रंगवू नका. फिकट लाल-हिरव्याचा मूळ रंग १९५८ ते १९६४ एवढ्याच काळातला आहे, आणि ओरखड्यांसकट तो संच तुमच्या वडिलांचा आहे. पूर्ण संच जसाच्या तसा ठेवा. चालते मॉडेल बांधायला रंग उडालेले सुटे भाग वेगळे विकत घ्या, हवे तर ते रंगवा. जुना रंग पूर्ण काढून, प्रायमरचा एक पातळ हात आणि रंगाचे दोन पातळ हात द्या. जाड रंगाने भोक आकसते आणि ४.०६ मिमीची दांडी आत जात नाही. सुकल्यावर प्रत्येक भोकातून दांडी फिरवून पाहा. रंग दिलेल्या प्रत्येक भागाच्या मागच्या बाजूला काळ्या रंगाचा एक ठिपका द्या, म्हणजे पुढच्या मालकाला मूळ आणि नवे यांतला फरक कळेल.

स्केगनेस लेस्टरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. पहिल्या वर्षी पाहायला जा, टेबल मांडायचे असेल तर गिल्डशी आधी बोला. संचाशेजारी ठेवायच्या पाटीवर एवढे लिहा: कोणत्या क्रमांकाचा संच, कोणत्या शहरात घेतला, कोणाचा होता, किती भाग मूळ आणि किती नंतर घातलेले.